नरक्याचं झाड आणि पिंपरीची माती



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी दाबून वाळवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या कागदावर झाडाच्या नावाच्याही आधी गाव, तारीख, डोंगराची उंची आणि माती कशी होती हे लिहिलेलं असे. वनस्पतींतून आणि जिवाणूंतून औषधी रेणू कसे शोधले जातात, हा आजचा विषय ठरवताना ते कागद माझ्या मनात होते. या क्षेत्रातला कुठलाही दावा शेवटी अशा एखाद्या कागदापाशी येऊन थांबतो.

या विषयाचं एक ठरलेलं चित्र आपल्या मनात असतं. रानात एक गुणकारी झाड आहे, एखाद्या वैदूला ते ठाऊक आहे, शास्त्रज्ञ येतो, त्यातलं औषध काढतो आणि बाटलीत भरतो. या चित्रात सगळं आहे, फक्त मुख्य काम नाही. एका पानात शेकडो, कधी हजारो वेगवेगळे रेणू असतात. त्यातला कोणता शरीरात काही घडवून आणतो, हे पानाकडे बघून कळत नाही, चव घेऊन कळत नाही, आणि रसायन शुद्ध करून त्याचे सुंदर स्फटिक मिळवले तरीही कळत नाही. ते चाचणीनं कळतं. कुणीतरी आधी एक नेमका प्रश्न ठरवावा लागतो, तो हजार वेळा सारख्याच पद्धतीनं विचारता येईल अशी सोय करावी लागते, आणि उत्तर नकारार्थी आलं तरी ते वहीत उतरवावं लागतं. गेल्या शतकातले या क्षेत्रातले मोठे शोध पाहिले तर त्यांचा कणा हा आहे, असं माझं ठाम मत आहे. ते मी काही उदाहरणांनी मांडतो, आणि त्यातली बरीचशी आपल्या घरची आहेत.

पहिलं उदाहरण नंदुरबारच्या माणसाचं. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. घेतली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम सुरू केलं. पुढच्या दहा वर्षांत या दोघांनी कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल हे दोन रेणू जगापुढे ठेवले. एका प्रयोगशाळेतून कर्करोगावरच्या औषधांची दोन पूर्णपणे वेगळी कुळं निघावीत, असं क्वचितच घडलं आहे. वाणी २०२० साली गेले. खानदेशातल्या किती शाळांमध्ये त्यांची तसबीर आहे, हा प्रश्न मी इथे फक्त विचारून ठेवतो.

या शोधाची सुरुवात कर्करोगापासून झालीच नव्हती. पन्नाशीच्या दशकात वॉल अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियातल्या प्रयोगशाळेत होते. कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील अशी स्टेरॉइडं कोणत्या झाडांत आहेत, हे ते तपासत. त्यासाठी हजारो झाडांचे अर्क काढून ठेवलेले होते. १९५७ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल तिथे आले आणि यातले काही अर्क आम्हाला तपासायला द्याल का, असं त्यांनी विचारलं. वॉल यांनी सुमारे हजार अर्क पाठवले. त्यातला एक, कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा, उंदरांमधल्या अर्बुदावर परिणाम करताना दिसला. हे झाड कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी बागेत लावलेलं होतं.

इथे जरा थांबतो. स्टेरॉइडांसाठी गोळा केलेल्या बाटल्या कर्करोगाच्या चाचणीत उपयोगी पडल्या, याचं कारण त्या बाटल्यांवर नावं नीट होती, झाड कुठून आणलं हे लिहिलेलं होतं, आणि अर्क फेकून दिलेले नव्हते. मघाशी सांगितलेल्या कागदाचं मोल हे असं आहे.

पुढचं काम मात्र अतिशय संथ होतं. वॉल यांनी नोकरी बदलली, नव्या जागी प्रयोगशाळा उभारली, आणि १९६३ मध्ये त्या झाडाचं वीस किलो लाकूड आणि साल त्यांच्या हाती आली. अर्क काढायचा, निरनिराळ्या द्रावकांत वाटून त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमिया झालेल्या उंदरांवरच्या चाचणीला पाठवायचा. ज्या भागात जोर दिसेल तो जवळ ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. एल-१२१० नावाची ही चाचणी कठीण समजली जात असे. वनस्पतींतले रेणू तिच्यात फारसे टिकत नसत. उंदीर जास्त दिवस जगला की नाही हाच तिचा निकाल, त्यामुळे घाई करायला जागाच नाही. या रस्त्यानं जात जात शेवटी फिकट पिवळ्या सुयांसारखे स्फटिक मिळाले. क्ष-किरणांच्या साहाय्यानं त्यांची रचना उलगडली आणि १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन प्रसिद्ध झालं.

त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण वर्तमानपत्रात गोष्ट इथेच संपते. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून रुग्णांना देताना त्याचा सोडियम क्षार केला गेला. तसं करताना रेणूतलं एक वलय उघडतं, आणि ते बंद असणं हीच त्याची ताकद आहे. औषधाचा गुण कमी झाला, मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, आणि सत्तरीच्या सुरुवातीला चाचण्या थांबल्या. रेणू जवळजवळ विस्मरणात गेला. १९८५ मध्ये लिरॉय लिऊ यांच्या गटानं दाखवलं की तो टोपोआयसोमरेज-१ या विकराला पकडतो. पेशी विभागताना डीएनएला पीळ पडतो. हे विकर त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन कापल्यानंतर आणि जोडण्याआधी मध्येच बसतं. धागा तुटलेलाच राहतो आणि भराभर वाढणारी पेशी मरते. हे कळल्यावर रसायनतज्ज्ञांना काय जपायचं आणि काय बदलायचं याचा अंदाज आला. त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं झाली. १९९६ मध्ये दोन्ही अमेरिकेत मान्य झाली. आज स्तनाच्या कर्करोगासाठी प्रतिपिंडाला जोडून जे डेरक्सटेकान देतात, तेही याच कुळातलं. म्हणजे १९५८ च्या सुमाराला एका चाचणीत उमटलेला होकार अजून कामी येतो आहे.

टॅक्सॉलची कथा याहून जास्त ऐकलेली असते, म्हणून थोडक्यात. १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू झाडाची साल गोळा झाली, १९७१ मध्ये रचना प्रसिद्ध झाली, १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना गोठवून ठेवतं हे दाखवलं आणि १९९२ मध्ये औषधाला परवानगी मिळाली. सालीत ते इतकं कमी असतं की औषधासाठी झाडं तोडली जाऊ लागली. साल काढली की झाड मरतं. त्यातून वाट निघाली ती युरोपातल्या यूच्या पानांमुळे: पानांत मिळणाऱ्या जवळच्या रेणूपासून टॅक्सॉल बनवता येतं, आणि पानं पुन्हा येतात. पुरवठ्याचा प्रश्न शोधाइतकाच अवघड असतो हे तिथे सर्वांना दिसलं. आपल्याकडे तोच प्रश्न आजही उभा आहे. त्याच्याकडे मी येतोच आहे.

त्याआधी सर्पगंधा. आपल्या परंपरेत जे आहे त्याचं शास्त्राला काय करता येतं, याचं मला सर्वांत शिकवणारं उदाहरण हेच वाटतं. सर्पगंधेचं मूळ वेडावर आणि झोपेवर देत असत. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांविषयी लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून अनेक अल्कलॉइडं स्फटिकरूपात वेगळी केली. काम उत्तम होतं. पण मुळाचा जो शांत करणारा गुण होता तो त्या स्फटिकांत उतरला नव्हता. तो राहिला होता उरलेल्या चिकट राळेत, जिच्याकडे रसायनतज्ज्ञ सहसा वळत नाहीत. १९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी राळेचा प्रत्येक भाग प्राण्यांवर तपासत जाऊन तिच्यातून रिसर्पिन काढलं. बाइन हे औषधशास्त्रज्ञ होते, आणि दिशा त्यांची चाचणी दाखवत होती. वीस वर्षांचं अंतर पडलं ते या एका गोष्टीपायी.

आणि सीबाला त्या मुळाकडे पुन्हा बघावंसं का वाटलं? त्याचं मोठं श्रेय मुंबईचं आहे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन, आधीचा दाब आणि नंतरचा दाब काटेकोर मोजून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला. हे औषध आपल्याकडे कितीतरी वर्षं दिलं जात होतं, पण जगानं त्याची दखल घेतली ती या मोजमापामुळे. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिनमुळे मेंदूतली रसायनं रिकामी होतात हे कळलं, स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिननं जखडलेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हालचाल करताना दाखवले, आणि पार्किन्सनच्या आजारावर उपचाराची दिशा सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधेच्या मुळापासून डोपामिनपर्यंतची ही वाट मुंबईच्या एका वॉर्डातून गेली आहे.

मुंबईची अशी आणखी दोन ठिकाणं सांगतो. मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे सत्तरीच्या दशकात भारतीय वनस्पतींचे अर्क रक्तदाबावर आणि हृदयावर तपासण्याचा मोठा कार्यक्रम चालला. त्यात कोलियस फोर्स्कोहली या झुडपाची मुळं निवडली गेली. गुजरातेत त्याच मुळांचं गरमर म्हणून लोणचं घालतात. सुजाता भट, नोएल डिसोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून फोर्स्कोलिन वेगळं केलं आणि १९७७ मध्ये त्याची रचना मांडली. अमेरिकेत १९८१ मध्ये कळलं की ते पेशीच्या पडद्यातलं अॅडिनायलेट सायक्लेज हे विकर थेट चालू करतं. तेव्हापासून जगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फोर्स्कोलिनची कुपी असते. कोलियसच्या इतर जातीही तपासल्या गेल्या. त्यांत ते सापडलं नाही. झाड ओळखण्यात चूक झाली असती, तर शोध तिथेच संपला असता.

दुसरं ठिकाण गोरेगाव. तिथे सीबाचं संशोधन केंद्र होतं आणि १९६३ पासून टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक होते. ते आपल्या पिढीतले नैसर्गिक रसायनांचे फार मोठे जाणकार. १९७२ मध्ये त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवलं की, वाणींना चिनी झाडात मिळालेलं कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या मापिया फीटिडा या झाडातही आहे. हाच आपला नरक्या. आता त्याचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना असं आहे. त्यातला निमो म्हणजे मुंबईचे वनस्पतिअभ्यासक जोसेफ निमो. जॉन ग्रॅहम यांचा मुंबईच्या वनस्पतींचा १८३९ मधला कॅटलॉग ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतर त्यांनी पुरा केला.

नरक्या तुम्ही पाहिला असेल. लहानसं झाड, पावसाळी सदाहरित रानात वाढणारं, फुलांना नकोसा वास. शंभर वर्षांपूर्वी त्याला कुणी हात लावत नसे. गोरेगावच्या निबंधानंतर आणि विशेषतः नव्वदीच्या दशकात औषधं बाजारात आल्यानंतर चित्र पालटलं. चिनी झाडापेक्षा नरक्यात कॅम्प्टोथेसिन जास्त आहे, तेही लाकडात आणि मुळांत. सह्याद्रीतून लाकूड तोडून, त्याचे तुकडे करून, पोत्यांत भरून ते बाहेर जाऊ लागलं. कायद्यानं आणि कायद्याला चुकवून, दोन्ही प्रकारे. तोडणाऱ्याला किलोमागे मिळणारे पैसे आणि त्यातून होणाऱ्या औषधाची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. जिथे मूळही खणून काढतात तिथे झाड फुटून परत येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यूच्या बाबतीत जगानं जे शिकून घेतलं ते आपल्या झाडाच्या बाबतीत आपण वापरलं नाही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटातली झाडं ठिकठिकाणी तपासून दाखवलं आहे की, कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण झाडागणिक आणि रानागणिक पुष्कळ बदलतं. म्हणजे भरपूर रेणू देणारी झाडं निवडून त्यांची रोपं लावता येतात. पण निवडण्यासाठी आधी ती झाडं रानात उभी असायला हवीत.

या झाडाविषयी एक प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो फार चांगला आहे. कॅम्प्टोथेसिन डीएनएचा धागा तुटका ठेवतं, तर ते ज्याच्या लाकडात भरलेलं आहे ते झाड स्वतः कसं जगतं? टोपोआयसोमरेज तर झाडालाही लागतं. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी उत्तर दिलं. हा रेणू बनवणाऱ्या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये एका विशिष्ट जागी अमिनो आम्ल बदललेलं आहे, आणि त्यामुळे विष तिथे बसतच नाही. आश्चर्य पुढे आहे: काही कर्करोगाच्या पेशी या औषधाला दाद देईनाशा होतात, तेव्हा त्यांच्यातही त्याच जागी बदल झालेला आढळतो. झाडानं जे लाखो वर्षांत साधलं तेच रोग काही महिन्यांत साधतो. डॉक्टरांना कोणत्या बदलावर लक्ष ठेवायचं हे झाडाकडे बघून कळू शकतं, ही मला या सगळ्या क्षेत्रातली अतिशय देखणी गोष्ट वाटते.

आता मातीकडे वळतो. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास आपण सगळे ओळखतो. तो मुख्यतः जिओस्मिन या रेणूचा, आणि तो बनवतात स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू. याच कुळानं माणसाला जितकी प्रतिजैविकं दिली तितकी दुसऱ्या कुणीही दिलेली नाहीत. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयावर पहिल्यांदा खरं औषध हाती आलं.

आपल्या पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन बनवणारा कारखाना एवढीच तिची ओळख बहुतेकांना आहे. पण तिथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या हाताखाली संशोधन चालत होतं. माती पाण्यात कालवून, पातळ करत करत तिचे थेंब अगरच्या थाळीवर पसरायचे; आठवड्याभरात खडूच्या भुकटीसारख्या वसाहती उगवतात. त्या एकेक उचलून बुरशी वाढत असलेल्या थाळीवर ठेवायच्या आणि भोवती बुरशी मागे हटते का ते बघायचं. पिंपरीच्या मातीतल्या अशाच एका जिवाणूपासून १९६१ मध्ये हॅमायसिन मिळालं, आणि जिवाणूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हॅमायसिन बुरशीच्या पेशीपडद्यातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि पडदा गळू लागतो. कँडिडाच्या संसर्गावर ते आपल्याकडे वापरलं गेलं. त्याच ठिकाणाहून पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन आलं. मला सांगायचं आहे ते हे की, या शोधासाठी अॅमेझॉनचं जंगल लागलं नाही. कारखान्याच्या परिसरातली माती, एक चांगली ठरवलेली थाळी आणि रोज तीच थाळी बघणारी माणसं एवढं पुरलं.

मातीची आणखी दोन उदाहरणं देतो. जपानचे सातोशी ओमुरा यांनी इतो गावाजवळच्या गोल्फच्या मैदानालगतची माती आणली. त्यातला जिवाणू अमेरिकेत मर्क कंपनीत जंत झालेल्या उंदरांवर तपासला गेला, आणि त्यातून आयव्हरमेक्टिन आलं. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. ती चाचणी थाळीवरची असती तर हा रेणू कुणाच्या लक्षातही आला नसता, कारण तो बुरशीला किंवा इतर जिवाणूंना मारत नाही. आणि ईस्टर बेटाच्या मातीतलं रॅपामायसिन: त्याचा अभ्यास करणाऱ्या कंपनीनं काम बंद केलं तेव्हा तिथल्या सुरेंद्रनाथ सहगल यांनी ते घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवलं, वरिष्ठांना पटवून काम पुन्हा सुरू केलं, आणि १९९९ मध्ये ते मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी मान्य झालं. असा आग्रह धरणारा माणूस प्रत्येक प्रयोगशाळेत असतोच असं नाही.

झाडं आणि जिवाणू अशा दोन कप्प्यांत मी बोलतो आहे, पण ते कप्पे आता टिकत नाहीत. १९७२ मध्ये इथिओपियातल्या एका झुडपातून मॉरिस कुपचन यांनी मायटान्सिन काढलं. पाच वर्षांनी जपानमध्ये एका जिवाणूत त्याचीच भावंडं सापडली. झाडाच्या आणि जिवाणूच्या रसायनात इतकं साम्य कसं, हे कोडं बरीच वर्षं राहिलं. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या त्याच कुळातल्या एका झुडपाच्या मुळांत राहणारे जिवाणूच ते बनवतात असं दिसून आलं. मायटान्सिनचा एक प्रकार प्रतिपिंडाला जोडून स्तनाच्या कर्करोगावर २०१३ पासून वापरात आहे. नरक्यातल्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. मात्र अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की उत्पादन घटत जातं, त्यामुळे झाडाची जागा अजून कुणी घेतलेली नाही. आणि २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सेलिकलरचा जीनोम वाचला तेव्हा वीसहून अधिक रसायनांची यंत्रणा त्यात लिहिलेली आढळली. तोवर माहीत होती ती मोजकीच. बाकीची गप्प असतात, आणि त्यांना बोलतं करणं हे आजच्या तरुण संशोधकांपुढचं खरं काम आहे.

आता एक अप्रिय गोष्ट, पण बोलायलाच हवी. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी असंख्य प्रबंध निघतात: अमुक पानाचा अर्क, तमुक जिवाणूवर, इतक्या मिलिमीटरचं वर्तुळ. आणि काम तिथेच संपतं. अर्कात टॅनिन असेल तर ते प्रथिनांना चिकटून जवळजवळ प्रत्येक चाचणीत होकार देतं. सॅपोनिन पेशीचे पडदे फोडतं. वर्तुळ कशामुळे पडलं हे शोधल्याशिवाय त्या मिलिमीटरला अर्थ नसतो. कोणत्या झाडाचं पान, कुठून आणलं, नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहात ठेवला, याचीही नोंद अनेकदा नसते. मग दुसऱ्याला ते काम पुन्हा करून बघता येत नाही. विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. त्यांना असंच शिकवलं जातं.

हळदीचं बघा. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं; डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. ती लढाई योग्य होती आणि जिंकली, याचा मला अभिमान आहे. पण हळदीतलं कर्क्युमिन औषध म्हणून किती चांगलं, हा निराळा प्रश्न आहे. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी सगळा पुरावा तपासला. त्यांना आढळलं की कर्क्युमिन शरीरात टिकत नाही, चाचण्यांमध्ये खोटे होकार देतं, आणि रुग्णांवरच्या नियंत्रित, दुहेरी-अंध चाचण्यांत त्याला यश आलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या हळदीचं महत्त्व यानं कमी होत नाही. पण आपली वस्तू म्हणून तिला चाचणीतून सूट देता येणार नाही. वकिलांनी सर्पगंधेला अशी सूट दिली नव्हती, म्हणूनच जगानं त्यांचं ऐकलं.

गोरेगाव आणि मुलुंडची ती केंद्रं आता त्या रूपात राहिलेली नाहीत. कंपन्या एकत्र झाल्या, मालक बदलले, मोठ्या उद्योगांनी नैसर्गिक रसायनांतून अंग काढून घेतलं. महाराष्ट्रात साधनं मात्र आहेत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रहही पुण्यातच आहे. आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतींचा आणि बुरशींचा संग्रह आहे, मुंबईत सेंट झेविअर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवायला सांगितलं आहे. कमी पडते ती चाचणी: दहा महाविद्यालयं मिळून चालवतील अशी एखादी सामायिक सोय, जिथे विद्यार्थी आपला अर्क पाठवेल, उत्तर मिळवेल, पुन्हा भाग पाडेल आणि पुन्हा पाठवेल, रेणू हाती येईपर्यंत.

म्हणून इथे बसलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, यापुढे विद्यार्थ्याचा प्रबंध अर्कावर थांबू देऊ नका, आणि नमुना संग्रहात ठेवल्याचा क्रमांक मिळाल्याशिवाय त्यावर सही करू नका. वेगळा केलेला प्रत्येक जिवाणू पुण्याच्या संग्रहात जमा करा. तुमची नोकरी संपल्यावरही तो तिथे जिवंत राहील. आणि सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी इथून आलेल्या मंडळींना सांगणं आहे की, तुमच्या गावाच्या नोंदवहीत नरक्या लिहिलेला आहे का ते या महिन्यात बघा. नसेल तर लिहा, आणि लाकूड मागायला कुणी आलं तर वन खात्याला कळवा.